हेडसेटपासून भट्टीपर्यंत: रोजच्या चहाचा कप व्हीआरमध्ये घडवण्याची पद्धत

व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट डोळ्यांवर लावून कप-बश्या डिझाइन करणाऱ्यांचं काम बहुतेक वेळा एकाच जागी फसतं. हेडसेटमध्ये कप सुरेख दिसतो, सगळे पसंती देतात, साचा होतो, भट्टी लागते आणि शेवटी कपाच्या कानात बोट शिरत नाही. माझ्या पहिल्या चोवीस कपांचं हेच झालं. कानातली मोकळी जागा व्हीआरमध्ये 26 मिलिमीटर होती, भट्टीतून बाहेर आली तेव्हा 23 सुद्धा भरली नाही. ज्यांच्यासाठी कप केले होते त्यांची बोटं सांध्यांपाशी जाड झालेली. चोवीसच्या चोवीस कप वाया गेले.

चुका दोन होत्या. एक, मातीची आकस, म्हणजे सुकताना आणि भाजताना ती किती आकुंचते ते, आधी मोजली नव्हती. दुसरी जास्त मोठी: हाताने करायची परीक्षा मी डोळ्यांवर सोपवली होती. व्हीआरमध्ये आकारमान, प्रमाण, अंतर आणि नजरेचा कोन कळतो. वजन, उष्णता, ओल्या बोटांची पकड यांतलं काहीही कळत नाही. खाली दिलेला क्रम या दोन परीक्षा वेगळ्या ठेवण्यासाठी आहे.

उदाहरणासाठी एकच वस्तू घेतली आहे: साठीच्या पुढच्या माणसांसाठी 150 मिलीचा कान असलेला कप आणि त्याची बशी. माती स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजून घट्ट होणारी), प्लास्टरच्या साच्यात ओतून घडवलेली. वाडगा किंवा लोणच्याची बरणी करायची असली तरी क्रम हाच राहील, मोजमापं बदलतील.

जवळ काय हवं

रंगीत पासथ्रू, म्हणजे हेडसेटमधूनच समोरची खरी खोली दाखवणारी सोय, असलेला हेडसेट (क्वेस्ट 3 सारखा), व्हर्नियर कॅलिपर, स्टीलची पट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, अन्नाचं तापमान मोजायचा थर्मामीटर, थ्रीडी प्रिंट काढून देणारं कुणीतरी आणि कोरडी वाळू. सॉफ्टवेअर दोन: आकार सुचवून बघायला ग्रॅव्हिटी स्केच, मोजमापाला ब्लेंडर किंवा तुमच्या सवयीचं कोणतंही कॅड (मापात आकार काढायचं सॉफ्टवेअर). माती, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) आणि भट्टी जी शेवटी वापरणार आहात तीच आधीपासून ठरवून ठेवा. ‘माती नंतर बघू’ म्हणालात तर दुसऱ्या टप्प्याला काही अर्थ उरत नाही.

## टप्पा 1: हेडसेट पेटीतच ठेवा, आधी ओटा बघा

माणूसकेंद्री डिझाइनचं आयएसओ 9241-210 हे मानक आहे. त्याचा क्रम साधा आहे: वापर कुठे आणि कसा होतो ते समजून घ्या, गरजा लिहा, रचना करा, माणसांसमोर तपासा आणि चूक दिसली की मागे फिरा. आपल्यापैकी बरेच जण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात, कारण हेडसेट हाताशी असतो.

सहा ते आठ घरांत जाऊन, परवानगी घेऊन, चहा होताना आणि पिताना बघा. चित्रीकरण करायचं तर फक्त हातांचं करा. प्रश्न कमी विचारा. ‘कप कसा हवा?’ या प्रश्नावर सगळे ‘चांगला हवा’ म्हणतात. हात मात्र वेगळं सांगतात.

शेजारच्या काकूंचं उदाहरण देतो. विचारल्यावर म्हणाल्या, ‘मी कानालाच धरते की.’ प्रत्यक्षात उजव्या हाताचं एक बोट कानात, अंगठा कानाच्या माथ्यावर दाबलेला, आणि कप उचलताच डाव्या हाताची दोन बोटं तळाखाली गेली. मग कप कलंडवून चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशीतून प्यायल्या. एवढ्यात मला तीन गरजा मिळाल्या: अंगठा टेकवायला सपाट जागा, तळाशी न पोळणारी कडा आणि चहा मावेल अशी बशी. तिसरी मी ऐकून कधीच लिहिली नसती.

प्रत्येक घरात हे मोजा:

1. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याची जाडी, अंगठी घालत असतील तर अंगठीसकट.
2. ओट्याची उंची, कप ठेवायच्या फळीची उंची आणि दोन फळ्यांमधलं अंतर.
3. सध्याच्या आवडत्या कपाचं वजन, कानातली मोकळी जागा आणि काठोकाठ किती मिली मावतं ते.
4. कप धुऊन कुठे आणि कसा पालथा घालतात.

तपासा: तुमच्या वहीत ‘त्यांनी सांगितलं’ आणि ‘त्यांनी केलं’ असे दोन रकाने आहेत का? दोन्हींत एकच मजकूर असेल तर पुन्हा एकदा चहाच्या वेळेला जा.

## टप्पा 2: मातीची आकस मोजा

हा टप्पा लोक शेवटी करतात. तो इथेच व्हायला हवा, कारण पुढचा प्रत्येक आकडा यावर उभा आहे.

1. जी पातळ माती साच्यात ओतणार, तीच ओतून 14 सेंटिमीटर लांबीच्या पाच पट्ट्या करा. हाताने थापलेली पट्टी चालणार नाही. तिच्यात पाण्याचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून ती वेगळी आकसते.
2. माती साच्यातून सुटताक्षणी प्रत्येक पट्टीवर सुईने बरोबर 100 मिलिमीटरची रेघ ओढा.
3. सुकवा, बिस्किट भट्टी (ग्लेझच्या आधीची पहिली भाजणी) द्या, ग्लेझच्या शेवटच्या तापमानाला भाजा. पट्ट्या भट्टीत वर, मध्ये आणि खाली अशा वेगवेगळ्या जागी ठेवा.
4. रेघ मोजा आणि पाचांची सरासरी काढा.

स्टोनवेअरची एकूण आकस साधारण 10 ते 13 टक्के येते, पोर्सिलेनची त्याहून जास्त. माती विकणाऱ्याच्या पत्रकातला आकडा अंदाज म्हणून ठीक आहे. हिशोब तुमच्या पट्टीवरच करा.

आता हिशोबातली नेहमीची चूक. रेघ 100 ची 88 झाली, म्हणजे आकस 12 टक्के. मग पुष्कळ जण आकाराला 12 टक्के वाढवतात. ते चूक आहे. भागायचं असतं 0.88 ने. 80 मिलिमीटर हवे असतील तर ओलं माप 80 ÷ 0.88 म्हणजे 90.9 मिलिमीटर. 12 टक्के वाढवून 89.6 होतात आणि भाजल्यावर हातात येतात 78.8. बशीच्या खळग्यात कपाचा तळ बसवायचा असतो तेव्हा हा एक मिलिमीटरहून जास्तीचा फरक नडतो.

कपात किती मावतं याच्या बाबतीत फरक आणखी मोठा पडतो, कारण आकस तिन्ही दिशांनी होते. 0.88 तीनदा गुणलं की सुमारे 0.68. आकस न धरता 150 मिलीचा साचा केलात तर कप भरेल जेमतेम 102 मिली.

थांबा: भट्टीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर डिझाइनच्या आधी भट्टीचं तापमान सारखं करून घ्या.

## टप्पा 3: जागा आणि हेडसेट तयार करा

मातीकाम चालतं त्या खोलीत हेडसेट काढू नका. मातीची धूळ लेन्सवर ओरखडे पाडते, आणि त्या धुळीतली सिलिका फुप्फुसांनाही वाईट. लेन्स कोरड्या मऊ कापडाने पुसा, उन्हाच्या तोंडी कधीही ठेवू नका. लेन्समधून ऊन एका बिंदूवर येतं आणि पडदा जळतो.

ज्येष्ठ माणसाला हेडसेट देताना खुर्ची हवी, हातांची, न फिरणारी. डोळ्यांतलं अंतर प्रत्येकासाठी नव्याने जुळवा. चष्मा असेल तर चष्म्याची जागा सोडणारी चौकट लावा. पहिली फेरी दहा मिनिटांची पुरे. मळमळ, घाम, डोकं जड होणं यांतलं काही दिसलं की लगेच थांबवा. भिडेखातर माणसं ‘काही नाही, चालू दे’ म्हणतात, म्हणून चेहऱ्याकडे तुम्हीच लक्ष ठेवा.

मग मापाची खात्री करा. व्हीआरमध्ये 100 मिलिमीटर बाजूचा एक ठोकळा करून टेबलावर ठेवा आणि खऱ्या पट्टीशी ताडून बघा. हे पट्टीनेच करायचं. पासथ्रूमध्ये चेहऱ्याजवळच्या वस्तू थोड्या वेड्यावाकड्या दिसतात, शिवाय हेडसेटमध्ये अंतरं प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतात, त्यामुळे नजरेचा अंदाज इथे दगा देतो.

सावधान: हेडसेट डोक्यावर असताना गरम चहा नको, पेटलेला गॅस नको आणि खरा चिनीमातीचा कप तोंडाकडे न्यायला सांगू नका. कप आधी हेडसेटवर आदळतो.

## टप्पा 4: आकार काढा, भाजलेल्या मापाचाच

व्हीआरमधलं सगळं काम तयार कपाच्या मापात करा. आकसेचा गुणाकार सातव्या टप्प्यात, एकदाच. इथे थोडा आणि तिथे थोडा केला की तो दोनदा होतो किंवा एकदाही होत नाही.

एका बैठकीत पंधरा-वीस कच्चे आकार काढा आणि कुठल्याही एकावर रेंगाळू नका. व्हीआरची खरी कमाई हीच आहे. इतके आकार मातीत करून बघायला महिना जाईल, इथे एक दुपार पुरते. मला सुरुवातीला हे आकडे उपयोगी पडतात:

- भिंत 4 मिलिमीटर.
- एका बोटाच्या कानात मोकळी जागा मोजलेल्या सर्वांत जाड सांध्याहून 4 मिलिमीटर जास्त.
- कानाची जाडी 9 ते 11 मिलिमीटर. फार बारीक कान दुखऱ्या बोटात रुततो.
- प्रत्येक कडेला किमान दीड मिलिमीटरची गोलाई. धारदार कडेवरून ग्लेझ ओघळून पातळ होतं आणि तिथूनच टवका उडतो.

बशी विसरू नका. आतून 12 सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर खोल उथळ वाटीसारखी बशी काठोकाठ सुमारे 85 मिली धरते, म्हणजे अर्धा कप चहा निवांत मावतो. कॅफेतल्यासारखी सपाट बशी हेडसेटमध्ये फार देखणी दिसते आणि पहिल्या फेरीत सगळ्यांना तीच आवडते. बशीतून चहा पिणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही.

## टप्पा 5: डोळ्यांची फेरी

आता माणसांना बोलवा, किंवा त्यांच्या घरी जा. घरी गेलेलं केव्हाही चांगलं. पासथ्रू चालू करून तुमचे कप त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्याच फळीवर खऱ्या मापात ठेवा. एका वेळी तीनच आकार दाखवा.

या फेरीत विचारायचं ते असं:

1. फळीवर सहा कप मांडा. कान एकमेकांना लागतात का? एकात एक बसतात का? वरच्या फळीवरचा कप काढताना हात आधी कुठे जातो?
2. कप रोजच्या गाळणीखाली ठेवा. गाळणी तोंडावर टेकते की आत घसरते?
3. ट्यूबलाइटच्या उजेडात कपाची आतली बाजू बघायला लावा. ज्यांना कमी दिसतं त्यांना चहाची पातळी कळते का? गडद तपकिरी ग्लेझमध्ये चहा दिसत नाही आणि कप ओसंडतो. आतून फिकट रंग हवा.
4. पिणाऱ्याला कपाच्या आत डोकावू द्या. शेवटचा घोट घेताना नाक काठाला लागेल इतकं तोंड अरुंद असेल तर ते इथेच ध्यानात येतं.

कंट्रोलरने (हेडसेटबरोबर हातात धरायच्या बटणांच्या दांडीने) कप ‘उचलायला’ सांगू नका. ट्रिगर दाबून उचललेला कप पिसासारखा हलका असतो, आणि ‘छान आहे हो, हलका आहे’ हे वाक्य वहीत गेलं की ते पुढच्या सगळ्या निर्णयांना चिकटून राहतं.

तपासा: फेरी संपताना वीसातले सतरा-अठरा आकार बाद झाले पाहिजेत. दहा उरले असतील तर तुम्ही आवडीनिवडी विचारत बसला आहात. कोणत्या कामात कोणता कप अडला ते विचारा.

## टप्पा 6: हातांची फेरी

उरलेल्या दोन-तीन आकारांचे पोकळ थ्रीडी प्रिंट काढा, 2 मिलिमीटर भिंतीचे. प्रिंट मूळ कपापेक्षा खूप हलका असतो, म्हणून त्याला वजन द्यायचं.

वजन आधी काढावं लागतं. ब्लेंडरमधल्या थ्रीडी प्रिंट टूलबॉक्समधून कपाच्या मातीचं घनफळ मिळतं. त्याला 2.3 ने गुणा, भाजलेल्या स्टोनवेअरची घनता साधारण तेवढी असते. आपल्या कपाचं घनफळ 76 घन सेंटिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे वजन सुमारे 175 ग्रॅम. त्यात 150 मिली चहा धरला की 325. भिंत 4 ऐवजी 6 मिलिमीटर केलीत तर रिकामा कपच 270 वर जातो. दुखऱ्या अंगठ्याला हे शंभर ग्रॅम लगेच कळतात, हेडसेटमध्ये मात्र दोन्ही कप सारखेच दिसतात.

प्रिंटमध्ये कोरडी वाळू भरून एकूण वजन 325 करा आणि तोंड चिकटपट्टीने बंद करा. या मापाला वाळू जवळपास तोंडापर्यंत येते, त्यामुळे वजनाबरोबर तोलही बराचसा जुळतो. नुसत्या तळाशी गोळा चिकटवून वजन वाढवलंत तर तोल खाली जातो आणि कान उगाच चांगला वाटतो.

हेडसेट काढून ठेवा. हा डमी कप द्या आणि रोजचं काम करायला सांगा: ट्रेमधून उचलणं, दुसऱ्या खोलीत नेणं, बशीत कलंडवणं, तोंडाशी नेणं, खाली ठेवणं. हात ओले करूनही एकदा करायला सांगा. तुम्ही बाजूने अंगठा कुठे जातो, मनगट किती वळतं, दुसरा हात मदतीला कधी येतो एवढंच टिपा.

काकूंनी माझ्या डमी कपाला तीनदा उचलून तीनदा खाली ठेवलं. कान गोल होता, त्याच्या माथ्यावर अंगठा घसरत होता. माथा 12 मिलिमीटर रुंद आणि थोडा सपाट केला, दुसऱ्या दिवशी नवा प्रिंट नेला. या खेपेला डावा हात तळाखाली गेलाच नाही. त्यांना स्वतःला फरक सांगता आला नाही, पण वहीत दोन ओळींत तो स्पष्ट होता.

काही जण डमीला कंट्रोलर बांधून दोन्ही फेऱ्या एकत्र करतात. तसं केल्याने वजन आणि तोल दोन्ही बिघडतात. हँड ट्रॅकिंग (कॅमेऱ्याने हात टिपणं) लावलं तर बोटं कपामागे गेली की हेडसेटला ती दिसेनाशी होतात. फेऱ्या वेगळ्याच ठेवा.

## टप्पा 7: मोजून पुन्हा काढा, मग आकस, मग साचा

व्हीआरमधली फाइल थेट साच्याला देऊ नका. तिचे पृष्ठभाग उघडे असतात, भिंतीला जाडी नसते, वर्तुळ पुरतं वर्तुळ नसतं. ती मागे ठेवून कॅडमध्ये अर्धा छेद नव्याने काढा आणि तो फिरवून कप करा. कान वेगळा काढा.

1. ओबीजे आणि एसटीएल फाइलमध्ये एकक लिहिलेलं नसतं. उघडल्यावर कप हजारपट मोठा किंवा लहान दिसला तर घाबरू नका. तिसऱ्या टप्प्यातला 100 मिलिमीटरचा ठोकळा त्याच फाइलमध्ये ठेवलेला असेल तर माप लगेच दुरुस्त करता येतं.
2. साच्यातून कप सरळ निघेल असा 2 ते 3 अंशांचा उतार द्या. आत वळलेली कडा असेल तर साच्याचे तुकडे वाढतात.
3. बशीच्या खळग्यात कपाच्या तळाभोवती 2 मिलिमीटर मोकळे ठेवा. दोन्हीकडे ग्लेझची जाडी येते.
4. आता संपूर्ण मॉडेल 1.136 पटीने मोठं करा (आकस 12 टक्के असेल तर). कानासकट. फाइलच्या नावातच ‘ओलं माप’ असं लिहा.
5. मास्टरचा (ज्याच्यावरून साचा घ्यायचा त्या नमुन्याचा) प्रिंट काढून घासून गुळगुळीत करा, साबणाचं पाणी लावा आणि प्लास्टर ओता. 100 भाग प्लास्टरला साधारण 70 भाग पाणी, दोन्ही वजनाने. साचा पूर्ण सुकल्याशिवाय माती ओतू नका.

तपासा: प्लास्टर कालवण्याआधी मास्टरच्या कानातली जागा व्हर्नियरने मोजा. 26 हवे असतील तर इथे 29.5 दिसले पाहिजेत. माझे चोवीस कप या एका मिनिटाने वाचले असते.

## टप्पा 8: पहिले सहा कप

सहाच ओता. कान जोडलेला कप सुकताना आणि भट्टीत तोंड लंबगोल करून घेतो, कारण कान भिंतीला ओढतो. दोन कप तोंडाला तोंड लावून सावकाश सुकवले की हे बरंच कमी होतं.

भाजून आले की क्रमाने बघा. आधी वजन, माप आणि कानातली जागा, ठरवलेल्या आकड्यांशी ताडून. मग कपात 85 अंशांचं पाणी ओता आणि दोन मिनिटांनी कान, काठ आणि तळाची कडा यांना हात लावा. बोटाचं मागचं पेर भिंतीला चिकटतंय का ते इथेच पहिल्यांदा कळतं, आणि चिकटत असेल तर कान बाहेर काढावा लागतो. ग्लेझ विकत घेतलेलं असो की स्वतः केलेलं, अन्नाच्या भांड्यातून शिसं आणि कॅडमियम सुटतं का याची आयएसओ 6486 प्रमाणे प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. तोवर या कपांतून कुणाला चहा देऊ नका.

नंतर सहा घरी एकेक कप दोन आठवडे ठेवा, त्यांचा जुना कप न हलवता. परत जाल तेव्हा कौतुक ऐकण्यात वेळ घालवू नका. फळीवर पुढे कोणता कप आहे आणि मागे कोणता, ते बघा. तुमचा मागे असेल तर दोन्ही शेजारी ठेवून कानातली जागा, कानाच्या माथ्याची रुंदी आणि वजन मोजा. दोष वजनात निघाला तर सहाव्या टप्प्याकडे वळा, रंगात किंवा तोंडाच्या रुंदीत निघाला तर पाचव्याकडे. आणि कप तिसऱ्याच कामाला, म्हणजे दही लावायला किंवा चमचे ठेवायला गेला असेल, तर वही घेऊन चहाच्या वेळेला पुन्हा ओट्यापाशी उभे राहा.